आयर्लंडमधील शेती व अन्नउद्योगाला शासकीय पाठबळ

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात शेतकऱ्यांना आणि शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांना सरकार व युरोपीय संघ यांच्याकडून थेट अनुदान, संशोधन, सल्ला, करसवलती आणि निर्यातीसाठी मदत मिळते. या व्यवस्थेचा केंद्रबिंदू गाय आहे. देशाची लोकसंख्या जेमतेम ५० लाखांच्या पुढे, तर गुरे ७० लाखांच्या आसपास. लागवडीखालील बहुतेक जमीन गवताची. तयार होणाऱ्या गोमांसापैकी आणि दुग्धपदार्थांपैकी सुमारे ९० टक्के माल देशाबाहेर जातो. २०२० च्या कृषिगणनेनुसार देशात सुमारे १,३५,००० शेते होती आणि एका शेताचे क्षेत्र सरासरी ३३ हेक्टर होते. पाऊस भरपूर, हिवाळा सौम्य आणि घरची बाजारपेठ लहान, त्यामुळे सरकारने शेतीसाठी जे जे केले त्यामागे परदेशी गिऱ्हाइकाचा विचार कायम राहिला.

या पाठबळाची सुरुवात स्वतंत्र आयर्लंडच्या आधीची आहे. १८८९ मध्ये लिमरिक परगण्यातील ड्रमकॉलोहर येथे पहिली सहकारी दूध डेअरी उभी राहिली. या चळवळीचे प्रवर्तक सर होरेस प्लंकेट यांच्या आग्रहामुळे १८९९ च्या कायद्याने स्वतंत्र कृषी खातेही स्थापन झाले. त्याच सुमारास जमीन सुधारणा कायद्यांमुळे कुळांना ब्रिटिश सरकारच्या कर्जातून जमिनी विकत घेता आल्या. या कर्जांचे हप्ते ब्रिटनला द्यायचे की नाही यावरून १९३२ ते १९३८ दरम्यान दोन्ही देशांत आर्थिक युद्ध जुंपले. ब्रिटनने आयरिश गुरांवर जबर कर बसवले, गुरांचे भाव कोसळले, आणि वासरे मारून त्यांची कातडी आणणाऱ्यांना सरकारने पैसे दिले. एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहण्याची किंमत त्या पिढीला अशी मोजावी लागली. पुढे निर्यातीच्या बाजारपेठा वाढवण्याचा ध्यास सरकारने घेतला, त्याचे मूळ या वर्षांत आहे.

१ जानेवारी १९७३ रोजी आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) सामील झाला आणि समाईक कृषी धोरण लागू झाले. सुरुवातीच्या काळात हे धोरण म्हणजे भावाचा आधार होता. बाजार पडला की समुदाय ठरावीक दराने लोणी, दूध भुकटी आणि गोमांस विकत घेऊन शीतगृहांत साठवत असे. ब्रिटनच्या स्वस्त बाजाराची सवय असलेल्या आयरिश शेतकऱ्याला अचानक चांगला दर मिळू लागला. खेड्यापाड्यांत नवी घरे, नवे गोठे उभे राहिले. पण खरेदीची हमी असल्यावर ग्राहकाला काय हवे हे पाहण्याची गरज उरत नाही. कितीतरी कारखाने शीतगृहासाठीच माल काढू लागले आणि दर्जा, नवे पदार्थ, नाममुद्रा (ब्रँड) यांकडे दुर्लक्ष झाले. गोमांस उद्योगातील गैरव्यवहार आणि निर्यात पतविम्याचा (परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचा) वापर यांच्या चौकशीसाठी १९९१ मध्ये न्यायाधिकरण नेमावे लागले. त्यापुढे झालेल्या साक्षींमुळे १९९२ मध्ये आघाडी सरकार कोसळले. अनुदानाचा पैसा उत्पादकापेक्षा साठवणूक करणाऱ्याकडे कसा वळतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुधाचा साठा आवरेना म्हणून १९८४ मध्ये कोटा, म्हणजे प्रत्येक देशाच्या दूध उत्पादनावर कमाल मर्यादा, आली. वाटाघाटींत आयर्लंडने इतरांपेक्षा थोडी सवलत पदरात पाडून घेतली, तरी पुढची ३१ वर्षे आयरिश गोठा एका ठरावीक आकड्यात बांधला गेला. १९९२ मध्ये धोरणाची दिशाच बदलली. तेव्हाचे युरोपीय कृषी आयुक्त रे मॅकशॅरी स्वतः आयरिश होते. त्यांनी हमीदर कमी केले आणि त्या बदल्यात शेतकऱ्याला जनावरामागे व हेक्टरमागे थेट रक्कम देण्याचा पायंडा पाडला. २००५ मध्ये पुढचे पाऊल पडले. आयर्लंडने अनुदान उत्पादनापासून पूर्णपणे तोडले. २००० ते २००२ या वर्षांत ज्याने जितके अनुदान घेतले त्यावर त्याचा हक्क ठरला, मग त्याने गाय ठेवो वा न ठेवो. नोकरशाहीला ही पद्धत सोपी होती, पण ज्यांच्याकडे तेव्हा जास्त जनावरे होती त्यांनाच पुढेही जास्त पैसे मिळत राहिले. ही विषमता कमी करण्याचे काम अजून चालू आहे.

सध्याची योजना २०२३ ते २०२७ या काळासाठी असून तिचा एकूण खर्च सुमारे ९.८ अब्ज युरो आहे. मूळ उत्पन्न आधार हेक्टरनुसार मिळतो आणि त्याला एका शेतकऱ्यामागे ६६,००० युरोंची मर्यादा आहे. लहान शेतकऱ्याला झुकते माप मिळावे म्हणून पहिल्या ३० हेक्टरांवर वेगळी रक्कम दिली जाते. थेट अनुदानाचा चौथा हिस्सा निसर्गपूरक कामांसाठी राखलेला आहे. अर्ज वसंत ऋतूत भरले जातात आणि आगाऊ हप्ता ऑक्टोबरमध्ये, उरलेला डिसेंबरमध्ये बँकेत जमा होतो. पश्चिमेकडच्या दलदलीच्या आणि खडकाळ मुलुखात गाईवासरे पाळणाऱ्या कुटुंबांचे सगळे गणित या दोन हप्त्यांवर चालते. शेताच्या उत्पन्नाची दरवर्षी होणारी राष्ट्रीय पाहणी दाखवते की मांसासाठी गुरे पाळणाऱ्या शेतांवर थेट अनुदान बहुतेक वर्षी संपूर्ण कौटुंबिक उत्पन्नाहून जास्त असते. म्हणजे गुरे विकून आलेल्या पैशातून खर्चही भागत नाही. दुग्धव्यवसायाची स्थिती निराळी आहे. तिथे अनुदान हा उत्पन्नाचा छोटा भाग असतो.

पर्यावरणासाठी पैसे देण्याची पहिली मोठी योजना १९९४ मध्ये सुरू झाली. कुंपण राखा, ओढ्याकाठी खत टाकू नका, अमुक दिवसांत झुडपे तोडू नका, अशा ठरावीक कामांची ती यादी होती. क्लेअर परगण्यातील बरेन या चुनखडीच्या पठारावर ही यादी अपुरी पडली. बरेनमध्ये गुरे हिवाळ्यात वरच्या कुरणांवर चारली जातात, कारण दगड उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो आणि जागा कोरडी राहते. या हिवाळी चराईमुळे वाळलेले गवत हटते आणि वसंतात जेंशियनसारखी दुर्मीळ फुले वर येतात. जनावरे कमी झाली किंवा त्यांना एकाच जागी मुरघास घालून ठेवले की हेझलची झुडपे पसरतात आणि फुले जातात. म्हणजे निसर्ग वाचवण्यासाठी इथे शेतकऱ्याला बाजूला सारून उपयोग नव्हता. शेतकरी, पर्यावरण अभ्यासक आणि सरकारी संस्था यांनी २००५ ते २०१० या काळात एकत्र प्रयोग करून नवी पद्धत घडवली. प्रत्येक कुरणाला दरवर्षी १ ते १० असे गुण दिले जातात, गुण वाढले की पैसे वाढतात, आणि ते कसे वाढवायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे. आयर्लंडच्या सगळ्या कृषी अनुदानांत हा प्रयोग सर्वांत शहाणपणाचा म्हणायला हवा. २०२३ च्या नव्या कृषी-पर्यावरण योजनेत ही गुणपत्रके देशाच्या इतर भागांसाठीही घेतली गेली. पहिल्या टप्प्यात ३०,००० शेतकरी घ्यायचे ठरले असताना सुमारे ४६,००० अर्ज आले आणि ते सगळे स्वीकारले गेले. खात्याच्या यंत्रणेवर ताण पडला, पैसे मिळायला अनेकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले आणि विश्वासाला तडा गेला.

रोख रकमेइतकीच महत्त्वाची, किंबहुना अधिक टिकाऊ, मदत आहे ती ज्ञानाची. कृषी संशोधन, सल्ला आणि शिक्षण ही तिन्ही कामे १९८८ पासून चॅगस्क या एकाच संस्थेकडे आहेत. तिचे मुख्यालय कार्लो परगण्यातील ओक पार्क येथे आणि दुग्धसंशोधन केंद्र कॉर्क परगण्यातील मूरपार्क येथे आहे. गाई वसंतात विणाव्यात, दुधाचा हंगाम गवताच्या हंगामाशी जुळावा, गोदामातले खाद्य कमीत कमी लागावे, हे आयरिश दुग्धव्यवसायाचे सूत्र मूरपार्कच्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांसोबत पक्के केले. कुरणात उभे राहून गवताची उंची मोजणे, ती संगणकावर नोंदवणे आणि शेजाऱ्यांच्या चर्चागटात आकडे उघडपणे मांडणे ही कितीतरी शेतकऱ्यांची आठवड्याची सवय झाली आहे. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवलेल्या ३५ वर्षांखालील शेतकऱ्याला जमीन नावावर करताना मुद्रांक शुल्कात सूट मिळते, आणि वारसा करात शेतीची किंमत ९० टक्क्यांनी कमी धरली जाते. तरीही २०२० च्या गणनेत सुमारे एक तृतीयांश शेतकरी ६५ वा त्याहून अधिक वयाचे आढळले.

अन्नउद्योगाची बाजू प्रामुख्याने दोन संस्था सांभाळतात. एंटरप्राइझ आयर्लंड प्रक्रिया उद्योगांना यंत्रसामग्री, संशोधन आणि निर्यातवाढीसाठी साहाय्य करते. १९९४ मध्ये स्थापन झालेले बॉर्ड बिया आयरिश खाद्यपदार्थांचा जगभर प्रचार करते. सरकारी पुढाकारातून काय उभे राहू शकते याचा नमुना याहून जुना आहे. १९६१ च्या सरकारी दुग्धमंडळाने पुढच्याच वर्षी केरीगोल्ड हे लोणी ब्रिटनच्या बाजारात आणले. १९७३ मध्ये मंडळाचे सहकारी संस्थेत रूपांतर झाले आणि २०१५ पासून ती ऑर्नुआ म्हणून ओळखली जाते. नाममुद्रा शेतकऱ्यांच्याच मालकीची राहिली, हे विशेष. २०१२ मध्ये बॉर्ड बियाने ओरिजिन ग्रीन हा कार्यक्रम सुरू केला. शेतांची वेळोवेळी तपासणी करून आयरिश दूध व मांस पर्यावरणपूरक असल्याची ग्वाही त्यातून ग्राहकाला दिली जाते.

या ग्वाहीवरच आज सर्वांत कडक प्रश्न विचारले जातात. २०१० च्या सरकारी आराखड्याने दुधाचे उत्पादन दशकभरात ५० टक्क्यांनी वाढवण्याचे लक्ष्य ठेवले. ३१ मार्च २०१५ रोजी कोटा संपला आणि दुभत्या गाई सुमारे ११ लाखांवरून १६ लाखांच्या आसपास गेल्या. गोठे, टाक्या, दूध भुकटीचे कारखाने यांत कर्ज काढून पैसा गुंतवला गेला. देशाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३८ टक्के आज शेतीतून निघतात, आणि २०२२ मध्ये सरकारने शेती क्षेत्रासाठी २०३० पर्यंत २५ टक्के कपात ठरवली. युरोपच्या नियमानुसार हेक्टरी १७० किलोपर्यंत शेणखतातला नायट्रोजन चालतो. आयर्लंडला २५० किलोंची सवलत होती, पण नद्यांचे पाणी सुधारेना म्हणून २०२४ पासून अनेक भागांत ती २२० वर आली. ज्याने सरकारच्याच सांगण्यावरून गोठा वाढवला, त्याने आता गाई कमी कराव्यात किंवा जादा जमीन भाड्याने घ्यावी, असा हा पेच आहे. त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल.

भावाचे दुखणेही जुनेच आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात गुरांना मिळणाऱ्या दरावरून शेतकऱ्यांनी मांसकारखान्यांच्या दारांत ठाण मांडले. ब्रेक्झिटच्या अनिश्चिततेत पडलेल्या भावांसाठी त्याच वर्षी १० कोटी युरोंची खास मदत जाहीर झाली. कारखाने, सुपरमार्केट आणि शेतकरी यांच्यातील व्यवहारांवर नजर ठेवणारा कृषिअन्न नियामक डिसेंबर २०२३ मध्ये कामाला लागला. अन्यायकारक व्यापारी अटींविरुद्ध तो कारवाई करू शकतो आणि बाजारातील दरांचे विश्लेषण प्रसिद्ध करतो. दर ठरवण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.