रुळांवरच्या पिवळ्या पट्ट्यांची पार्श्वभूमी

मुंबईत लोकलखाली माणूस गेला की निदान ठरलेलं असतं: घाई. फलाटावर घोषणा चालू असतात, आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) मधूनमधून मोहीम काढते, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीच्या २०१२ च्या अहवालात रूळ ओलांडताना देशभरात वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर, असं नोंदवलेलं होतं. रोज त्याच जागी रूळ ओलांडणाऱ्या, चांगल्या डोळस माणसाचा अंदाज एके दिवशी चुकतो कसा? पोलिसांच्या अपमृत्यू नोंदीत या प्रश्नासाठी रकाना नसतो. मुंबईत रुळांवर रंगवलेले पिवळे पट्टे मात्र याच प्रश्नातून आले.

हा प्रश्न विचारणारी परंपरा अमेरिकेत तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या दृष्टीवर काम केलेल्या जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलं की शरीराला इजा होते ती ऊर्जेच्या आदानप्रदानातून; मग ती वेगाची असो, उष्णतेची किंवा विजेची. विल्यम हॅडन या डॉक्टरने हाच धागा सार्वजनिक आरोग्यात नेला. अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि नंतर, माणूस, वाहन व परिसर यांत काय बदलता येईल, याचा तक्ताच त्याने मांडला. माणसाला उपदेश करत बसण्यापेक्षा गाडी आणि रस्ता सुधारा, असा त्याचा कल होता. सीटबेल्ट, एअरबॅग यांना पुढे जे बळ मिळालं त्यात या विचाराचा वाटा मोठा. गंमत अशी, की वर्तनावरचा भर कमी करणाऱ्या या विचाराचं मूळ एका मानसशास्त्रज्ञाकडेच जातं.

मुंबईशी थेट नातं मात्र हर्शेल लायबोविट्झ यांचं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या या संशोधकाची कारकीर्द डोळा कुठे फसतो, हे शोधण्यात गेली. १९७७ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह रात्रीच्या ड्रायव्हिंगचं कोडं उलगडलं: अंधारात वस्तू ओळखणारी नजर मंदावते, पण गाडी रस्त्यावर ठेवणारी नजर शाबूत राहते, म्हणून चालकाचा आत्मविश्वास तसाच राहतो आणि वेग कमी होत नाही. १९८५ मध्ये ते रेल्वे फाटकांकडे वळले. मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा सावकाश येतेय असं वाटतं. उतरणारं जंबो विमान छोट्या विमानापेक्षा संथ भासतं, तसंच इंजिनाचंही.

आता हे मुंबईच्या रुळांवर आणून बघा. ताशी ८० किलोमीटरने येणारी लोकल सेकंदाला २२ मीटर कापते. रुळात उभ्या माणसाला ती डावी-उजवीकडे सरकताना दिसत नाही, नुसती मोठी होत जाते, आणि तेही भरभर होतं ते अगदी शेवटी. तोवर ‘अजून लांब आहे’ हेच डोळा सांगत राहतो.

२००९ च्या अखेरीस मुंबईतल्या ‘फायनल माइल’ या सल्लागार संस्थेने मध्य रेल्वेबरोबर वडाळ्यात प्रयोग केला. काही अंतरा-अंतराने रुळांखालचे आडवे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी एकेक पट्टा गिळत येताना वेगाचा अंदाज यावा. मोटरमनने एक लांब हॉर्न देण्याऐवजी दोन छोटे द्यायचे ठरलं. लोहमार्गालगत राहणाऱ्यांच्या कानाला लांब भोंगा सवयीचा झालेला, मधल्या शांततेने मेंदू पुन्हा सावध होतो. सूचनाफलकावरच्या रेखाचित्राच्या जागी गाडीखाली येणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा आला. तो चेहरा एका नटाचा होता. त्या टप्प्यात मृत्यू बरेच कमी झाल्याचं सांगितलं गेलं आणि हे उपाय इतरत्रही नेले गेले.

मला या कामाचं कौतुक आहे, पण ते रेल्वेला इतकं आवडलं त्याचं एक कारण रंगाचा डबा पुलापेक्षा स्वस्त, हेही असावं. हॅडनने तक्त्यातला परिसराचा रकाना आधी भरायला सांगितलं असतं. पूल स्टेशनच्या टोकाला, वस्ती मध्यावर आणि कामाची वेळ ठरलेली, अशा ठिकाणी पट्ट्यांनी अंदाज सुधारेल, वाट बदलणार नाही. मुंबईत नंतर पादचारी पूल, सरकते जिने, कुंपणं वाढली आणि वर्षाचे मृत्यूही उतरत अडीच हजारांच्या आसपास आले, त्यात गाडीतून पडणारेही धरलेले. रूळ ओलांडताना जाणारे मात्र अजूनही त्यात सर्वाधिक आहेत, आणि संरक्षक भिंत बांधली की तिला भगदाड पडतं ते नेमकं जुन्या पायवाटेवरच.