डाग माशावर, औषध पाण्याला

थंडी सुरू झाली की फिशटँकच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मासे खडीला अंग घासताहेत, पर मिटून कोपऱ्यात बसताहेत आणि अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आलेत. दुकानदार औषधाची बाटली देतो. दोन-तीन दिवसांत ठिपके जातात, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि औषध बंद होतं. मग आठवडाभरात टँकमधले जवळजवळ सगळेच मासे ठिपक्यांनी भरून जातात. औषधाला बोल लावण्याआधी हा रोग कसा चालतो ते पाहायला हवं, कारण इतके मासे निव्वळ उपचार लवकर थांबवल्यामुळे जातात की वाईट वाटतं.

या रोगामागे इक्थिओप्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी असतो. हौशी मंडळी त्याला नुसतं 'इक' म्हणतात. आपल्याला दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून, तिथल्या पेशी खात वाढलेला एक जीव. पूर्ण वाढला तरी तो जेमतेम एक मिलिमीटरचा. वरून त्वचेचं पांघरूण असल्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ झाली की तो मासा सोडतो, खडीला, काचेला किंवा पानाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून आत विभागत राहतो. अशा एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधाचा घाव बसतो तो मुख्यतः या पोहणाऱ्या पिल्लांवर.

म्हणजे ठिपके नाहीसे होतात तेव्हा अनेकदा परजीवी फक्त माशावरून उतरून खडीत गेलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण औषध थांबवतो. 25 अंश सेल्सिअसला हे सगळं चक्र तीन ते सहा दिवसांत पुरं होतं, गार पाण्यात ते आठवड्यांवर लांबतं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार निदान आठवडाभर चालू ठेवावा, थंड पाण्यात त्याहून जास्त. रोगी मासा एकटाच बाहेर काढून भागत नाही. ज्या टँकमध्ये मासे राहतात त्या पूर्ण टँकवर उपचार करावा लागतो.

पण बाटलीकडे हात जाण्याआधी पाणी तपासा. नव्या टँकमध्ये घासणं, धापा टाकणं, पृष्ठभागाशी येऊन हवा घेणं ही लक्षणं अमोनियाचीही असतात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी अल्कधर्मी असतं. पीएच 7 वरून 8 वर गेला की एकूण अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. अशा वेळी औषध नको, पाणी बदलायला हवं, तेही क्लोरीन काढून. अमोनियाच्या चाचणीचा संच दुकानात मिळतो. टँकबरोबर तो घेतलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक फसगत होते. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काट्यावर प्रजननकाळात ओळीने पांढरे बारीक उंचवटे येतात. तो रोग नव्हे. मासा उत्साहात खात-पोहत असेल आणि ठिपके फक्त तिथेच असतील तर त्याला सुखाने राहू द्या.

इकची खात्री पटली की गप्पी, मोली, टेट्रा अशा उष्ण पाण्यातल्या माशांसाठी हीटरने तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश, असं 29-30 पर्यंत न्यावं. त्यामुळे चक्र वेगाने फिरतं आणि परजीवी लवकर औषधाच्या तावडीत येतो. मात्र 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 30 अंशांना साडेसातच. कल्लेही रोगाने सुजलेले असतात, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. गोल्डफिशना इतकी उष्णता देऊ नये. त्यांना आणि मोलींना आयोडीन नसलेलं मीठ चांगलं मानवतं: लिटरला 2 ते 3 ग्रॅम, आधी विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून जितकं पाणी बदलाल तितक्यापुरतंच पुन्हा घाला. लोच, कोरीडोरास या माशांना आणि पाणवनस्पतींना मात्र मीठ जपून. मॅलकाइट ग्रीन हे इकवरचं औषध वापरायचं तर फिल्टरमधला कार्बन आधी काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. बिनखवल्यांच्या माशांना त्याची मात्रा कमी लागते. हे रसायन हाताला लागू देऊ नये आणि खायच्या माशांसाठी तर ते कधीच वापरू नये. टेट्रासायक्लीनसारखी प्रतिजैविकं इथे निरुपयोगी आहेत, कारण इक हा जिवाणू नाही. उलट फिल्टरमधल्या कामाच्या जिवाणूंना त्यांची झळ बसू शकते.

इक बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर घरात येतो. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा आणि त्या टबाची जाळीही वेगळी असू द्या, कारण ओल्या जाळीवरूनही हा परजीवी दुसऱ्या टँकमध्ये जातो. दुकानातल्या पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, ते मोरीत सोडा.