दिवाणी दावा दाखल करणे (महाराष्ट्र)

जमीन, घर, पैसा, करार, वारसा किंवा वहिवाट यांबाबतचा आपला हक्क न्यायालयाकडून ठरवून घेण्यासाठी वादीने, म्हणजे दावा करणाऱ्याने, वादपत्र सादर करणे, म्हणजे दिवाणी दावा दाखल करणे. कामकाज दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे चालते. कोणत्या न्यायालयाने किती रकमेपर्यंतचे दावे ऐकायचे आणि त्यावर कोर्ट फी किती, हे मात्र राज्याच्या कायद्यांनी ठरते. पुष्कळ दाव्यांचे भवितव्य साक्षीपुराव्यापर्यंत थांबत नाही. वादपत्र लिहितानाच ते ठरून जाते. म्हणून हा टप्पा पक्षकारानेही नीट समजून घ्यावा.

पहिला प्रश्न मुदतीचा. मुदत कायदा, १९६३ नुसार उसने पैसे किंवा करारभंगाची भरपाई मागण्यासाठी साधारणपणे तीन वर्षे, तर मालकीच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागण्यासाठी बारा वर्षे मिळतात. अपिलाला झालेला उशीर योग्य कारण दाखवून माफ करून घेता येतो. दाव्याला ही सवलत नाही. उशीर माफ करणारे या कायद्याचे कलम ५ दाव्यांना लागूच होत नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. ‘पुढच्या दिवाळीला देतो’ या तोंडी वायद्यांवर वर्षे घालवणाऱ्या सावकाराला, दुकानदाराला किंवा नातेवाइकाला याचा फटका बसतो. ऋणकोने मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी कबूल करून सही केली असेल, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून अशी चिठ्ठी जपून ठेवावी.

दुसरा प्रश्न न्यायालयाचा. दावा सक्षम न्यायालयांपैकी सर्वांत खालच्या न्यायालयात दाखल करायचा असतो. कमी मूल्याचे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे आणि त्यावरचे वरिष्ठ स्तराकडे जातात. मुंबईत नगर दिवाणी न्यायालय आहे, शिवाय मोठ्या मूल्याचे दावे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत थेट दाखल होतात. शहरातील घरमालक व भाडेकरू यांचे वाद लघुवाद न्यायालयाकडे असतात. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे असेल तिथेच चालतो. दोघे भाऊ पुण्यात राहत असले, तरी साताऱ्यातील जमिनीच्या वाटपासाठी साताऱ्यालाच जावे लागते. कूळ कोण, हा प्रश्न दिवाणी न्यायालय स्वतः ठरवत नाही. कूळ कायद्याप्रमाणे तो महसुली अधिकाऱ्याकडे पाठवला जातो. उलट, फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी ठरली, हा गावोगावचा समज खरा नाही. सातबाऱ्यावरील नोंद महसुलासाठी असते, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच मिटवते. चुकीच्या न्यायालयात गेलेले वादपत्र परत केले जाते. तिथे प्रामाणिकपणे खर्ची पडलेला काळ मुदतीतून वगळता येतो.

काही दाव्यांना आधी नोटीस लागते. शासनाविरुद्ध जायचे तर संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. तातडीचा दिलासा हवा असल्यास न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा करता येतो. सहकारी संस्थेच्या कारभाराविषयीचा दावा असेल, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे निबंधकाला दोन महिन्यांची नोटीस हवी. व्यावसायिक न्यायालय कायद्याखालील वादात तातडीचा दिलासा मागितलेला नसेल, तर आधी मध्यस्थीचा मार्ग वापरणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

आता खुद्द वादपत्र. त्यात न्यायालयाचे नाव, पक्षकारांची नावे व पत्ते, घडलेली हकीकत, दाव्यास कारण केव्हा व कोठे घडले, न्यायालयाला अधिकार कसा पोहोचतो, दाव्याचे मूल्य आणि शेवटी मागणी, म्हणजे ‘विनंती’, असे सारे यावे लागते. हकीकत सांगायची असते, पुरावा नव्हे. पण जी हकीकत वादपत्रात नाही, तिच्यावरचा पुरावा पुढे सहसा उपयोगी पडत नाही. मिळकतीचे वर्णन गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा यांसह द्यावे. ते ढोबळ राहिले, तर जिंकलेल्या हुकूमनाम्याचीही (न्यायालयाच्या अंतिम आदेशाचीही) जागेवर अंमलबजावणी करताना अडचण येते. एकाच कारणातून निघणाऱ्या सगळ्या मागण्या एकाच दाव्यात करायच्या असतात. न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडून दिलेली मागणी पुन्हा दावा करून मागता येत नाही. वाटपाच्या दाव्यात हे फार जपावे लागते. एक बहीण पक्षकार करायची राहिली किंवा एखादा गट वगळला, की आवश्यक पक्षकार नाही, वाटप अपुरे आहे, असे आक्षेप लगेच उभे राहतात. शेवटी वादीची सही, सत्यापन (मजकूर खरा असल्याचे निवेदन) आणि प्रतिज्ञापत्र असते. सोबत कागदयादीसह मूळ दस्त किंवा त्यांच्या प्रती, वकीलपत्र आणि पत्त्याचे निवेदन जोडतात.

कोर्ट फी दाव्याच्या मूल्यावर, १९५९ च्या कोर्ट फी कायद्याप्रमाणे पडते. तिची कमाल मर्यादा पूर्वी तीन लाख रुपये होती, २०१८ पासून दहा लाख आहे. १९९४ च्या राज्य अधिसूचनेने महिलांना मालमत्ता, पोटगी व वैवाहिक वादांत ही फी माफ केली आहे. माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या कितीतरी बायकांना या माफीची माहितीच नसते, ही खेदाची गोष्ट आहे. फी भरण्याची ऐपत नसलेल्यांना निर्धन म्हणून दावा चालवण्याची परवानगी मागता येते. तालुका विधी सेवा समितीकडून महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि इतर पात्र व्यक्तींना मोफत वकीलही मिळतो.

वादपत्र सादर झाल्यावर कार्यालय त्रुटी तपासते आणि दावा नोंदवहीत चढतो. त्याला ‘रे. मु. नं.’ (रेग्युलर मुकदमा नंबर) किंवा ‘स्पे. मु. नं.’ (स्पेशल मुकदमा नंबर) असा क्रमांक पडतो, सोबत ई-कोर्टाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे ऑनलाइन प्रणालीतील त्या दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांकही मिळतो. दाव्यातील कागदांना ‘निशाणी’ असे क्रमांक पडतात; वादपत्र म्हणजे निशाणी १. तात्पुरत्या मनाईचा अर्ज निशाणी ५ वर येतो आणि कोर्टाच्या आवारात त्याला त्याच आकड्याने ओळखतात. बांध फोडला जात असेल किंवा मिळकत विकली जाणार असेल, तर पक्षकाराचे सारे लक्ष या अर्जाकडे लागलेले असते. प्रतिवादीला न ऐकता मनाई द्यायची असेल, तर न्यायाधीशांना त्याची कारणे लिहावी लागतात. प्रतिवादीने आधीच कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये’ असा अर्ज, दाखल केले असेल, तर त्याला अर्जाची सूचना द्यावी लागते. कॅव्हेट नव्वद दिवस टिकते.

त्यानंतर समन्सचा भत्ता, म्हणजे बजावणीचा खर्च, भरायचा. तो न भरल्याने समन्स गेले नाही, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा कर्मचारी, समन्स बजावतो. प्रतिवादी टाळाटाळ करत असेल, तर दारावर चिकटवून किंवा न्यायालयाच्या हुकमाने वर्तमानपत्रात देऊनही बजावणी होते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कारणे नोंदवून न्यायालय हा काळ नव्वद दिवसांपर्यंत वाढवते, आणि साध्या दाव्यांत क्वचित त्यापुढेही. व्यावसायिक दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो.