अपरार्क टीका

याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथावरचा बाराव्या शतकातला मोठा संस्कृत ग्रंथ. कर्ता म्हणून नाव येतं उत्तर कोकणच्या शिलाहार राजा अपरादित्याचं (अर्क काय, आदित्य काय, दोन्ही म्हणजे सूर्यच, म्हणून अपरार्क). राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं (काही अभ्यासक पुरी म्हणतात, आणि ही पुरी नेमकी कुठली यावर वेगळंच भांडण आहे). मूळ स्मृती आचार, व्यवहार (म्हणजे कायदा-न्याय), प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांची, काळ ढोबळमानाने इसवी सनाची पहिली काही शतकं.

खरा घोळ कर्त्याचा आहे, कारण अपरादित्य एक नाही, दोन होऊन गेले. ग्रंथातल्या पुष्पिका (प्रकरणाच्या शेवटी कर्त्याची माहिती देणाऱ्या ओळी) सांगतात की हा विद्याधर वंशातला, जीमूतवाहनाच्या कुळातला शिलाहार राजा, आणि हे दोघांनाही लागू पडतं. पहिल्याचा वडवलीचा ताम्रपट शके १०४९ चा, म्हणजे इ.स. ११२७, तर दुसऱ्याचे लेख ११८० च्या दशकातले. आता गंमत म्हणजे निकाल लावायला मदत होते ती थेट काश्मिरातून. मंख कवीच्या श्रीकंठचरित या काव्यात त्याच्या भावाच्या घरी विद्वानांची सभा भरलीये, तिथे कोकणच्या अपरादित्याचा दूत तेजकंठ हजर आहे, शिवाय कनोजच्या गोविंदचंद्राचाही दूत आहे, आणि काश्मीरच्या गादीवर जयसिंह, म्हणजे काळ ढोबळमानाने ११५० च्या आधीचाच. दुसरा अपरादित्य इथे बसतच नाही. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या पां. वा. काण्यांचा कौलही पहिल्यालाच, आणि तेच जास्त पटतं. पुढे काश्मिरी पंडितांत हा ग्रंथ प्रमाण मानला गेला, पण पोथी तेजकंठानेच नेली हा नुसता तर्क, पुरावा नव्हे. राजाने स्वतः लिहिला की दरबारच्या पंडितांनी लिहून राजाचं नाव लावलं? असल्या राजग्रंथांत दुसरीच शक्यता जास्त असते.

नाव टीका असलं तरी हा निबंधच आहे, म्हणजे विषयवार वचनं गोळा केलेला धर्मशास्त्राचा संग्रह. त्याच स्मृतीवरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा नेमकी आणि आटोपशीर, हा मात्र पुराणांमधले उतारेच्या उतारे देत सुटतो. दानाच्या भागात मत्स्यपुराणातली महादानं सविस्तर आलीत, त्यातलं तुलापुरुष म्हणजे राजाने तराजूच्या एका पारड्यात बसायचं, दुसऱ्यात त्याच्या वजनाचं सोनं, आणि ते सगळं वाटून टाकायचं. वाचताना कंटाळा येतो खरा, पण पुराणांचा काळ ठरवणाऱ्यांना हे घबाडच, कारण अपरार्कात सापडलेला श्लोक बाराव्या शतकाच्या मध्याआधीचा हे पक्कं होतं. छापील प्रत पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०३-०४ मध्ये दोन भागांत काढली, संदर्भ देताना आजही बहुतेक तीच वापरतात.