बल्ब गेलेला नाही, अर्थ कळकलाय

आमच्या शेजारचे काका देवगड बंदरावरून कोल्हापूरला मासळी नेतात. त्यांच्या पिकअपच्या खणात गेल्या पावसाळ्यातले हेडलाईटचे चार 'गेलेले' बल्ब पडून होते. मी एकेक घेऊन वायरीने सरळ बॅटरीला लावला. चारही लख्ख लागले, अपर (लांबचा झोत) पण आणि डिपर (जवळचा झोत) पण. म्हणजे काकांनी चार वेळा पैसे मोजून चांगला बल्ब काढला आणि तिथे चांगलाच बल्ब बसवला. दर वेळी निदान एकच, "बल्ब गेलो आसतलो."

बल्ब जातो कसा हे सगळ्यांना ठाऊक आहे. आतली तार तुटते, किंवा काच काळवंडते. तुटलेली तार बहुतेकदा डोळ्यांना दिसते. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये, हेही आता पोराटोरांना माहीत आहे. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की बल्ब बहुधा एकदम जातो. काल होता, आज नाही. जो लाईट मंद झालाय, थरथरतोय, खड्ड्यात गाडी आपटली की उजळतोय, त्यात पहिला संशय बल्बवर घेऊ नका. (जुन्या दुचाकींचा हेडलाईट रेसबरोबर कमीजास्त होतो, तो दोष नव्हे. तिथे लाईट थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावर चालतो.)

आता अर्थ, म्हणजे अर्थिंगची वायर. बल्बला प्लस वायर येते, आणि करंट परत बॅटरीकडे जायला दुसरी वायर असते. ती जवळच गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. हा बोल्ट सहसा बॅटरीच्या ट्रेखाली, नाहीतर रेडिएटरच्या बाजूच्या पट्टीवर, म्हणजे नेमका चिखलपाणी उडतं तिथे असतो. घाटावरच्या गाडीत तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे बारा महिने खारा वारा, चार महिने पाऊस, आणि मासळीची गाडी असेल तर वरून बर्फाचं खारट पाणी. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तसंच इथे होतं. पत्रा गंजतो, तांबं हिरवं पडतं, आणि करंटची परतीची वाट अरुंद होते. बहुधा पूर्ण बंद होत नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

कारण मग गाडी गॅरेजला जाते आणि एक ठरलेली तपासणी होते, जी बघून माझं डोकं फिरतं. मेस्त्री बल्बचा कपलर, म्हणजे बल्बच्या पिनांवर बसणारा वायरींचा सॉकेट काढतो. टेस्टलॅम्पचा (करंट तपासायच्या छोट्या दिव्याचा) चिमटा बॅटरीच्या मायनसला लावतो आणि टोक कपलरमधल्या प्लसला टेकवतो. लॅम्प लागतो. "करंट येता मरे! बल्बच गेलो." अहो, पण चिमटा बॅटरीच्या मायनसला लावलात तेव्हाच तुम्ही अर्थची वायर वगळलीत. तपासली फक्त प्लस. जिच्यावर संशय घ्यायचा ती बाजूला उभी राहून मजा बघतेय.

बरं, मल्टिमीटर कपलरच्या प्लस आणि अर्थ पिनांना लावला तरी फसगत होतेच. मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि सगळे खूश होतात. माडांना पाणी सोडायचा पाइप डोळ्यांपुढे आणा. मध्ये शेवाळ अडकलंय, पण तोंडावर अंगठा दाबून धरलात तर दाब पुरेपूर जाणवतो. अंगठा काढा, की करंगळीएवढी धार. कपलर काढून व्होल्टेज मोजणं म्हणजे अंगठा दाबून दाब बघणं. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला अडथळा कळत नाही. डिपरची ५५ वॅटची तार मात्र साडेचार अँपिअर ओढते. अर्थच्या बोल्टवर फक्त ०.३ ओहमचा अडथळा असू द्या, तिथेच सव्वा व्होल्टच्या आसपास खाल्ला जातो. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर हॅलोजनचा उजेड दहा टक्क्यांनी नाही, जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. करूळ घाटात रात्री, पावसात. आणि हा ०.३ ओहम मीटरच्या 'बीप' चाचणीत सापडत नाही. बीप आला म्हणजे वायर कुठेतरी जोडलेली आहे. साडेचार अँपिअर वाहून नेईल की नाही, ते बीप सांगत नाही.

म्हणून मोजायचं ते लाईट पेटलेला असताना, कपलर जागेवर ठेवून. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं कपलरच्या मागून बल्बच्या अर्थ पिनला. ०.१-०.२ व्होल्ट आले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला, तर चोर सापडला. मग तसंच बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लस पिनपर्यंत मोजा. रिले, स्विच किंवा फ्यूजचा होल्डर खराब असेल तर तिथे कळेल. दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या, तरच बल्बला आणि पिवळ्या पडलेल्या काचेला बोल लावा.

मीटर नसेल तर एक जाड वायर घ्या आणि बल्बची अर्थ पिन थेट बॅटरीच्या मायनसला जोडा. लाईट झटकन उजळला की काम झालं. पण पिन अर्थचीच आहे याची आधी खात्री करा. प्लसला लावलीत तर फ्यूज उडेल.

एक खूण तर हत्यारांशिवाय दिसते. डिपर चालू असताना एका बाजूचा बल्ब मिणमिणतोय आणि डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवाही पुसटसा लागलाय, तर त्या बाजूचा अर्थ पुरता गेलाय. तीन पिनांच्या एच-४ बल्बमध्ये अपर आणि डिपरचा अर्थ एकच असतो. परतीची वाट बंद झाली, की करंट अपरच्या तारेतून उलटा शिरून दुसऱ्या बाजूच्या बल्बमधून वाट काढतो. बहुतेक गाड्यांत हे असंच दिसतं.

मग नवीन बल्ब टाकल्यावर चार दिवस उजेड बरा का वाटतो? कपलर काढता-घालताना पिना घासल्या जातात आणि थोडं किटण निघतं. श्रेय बल्बला जातं. पुढच्या सरीला पुन्हा तेच. जुनाच बल्ब काढून परत बसवला असता तरी तेवढाच फरक पडला असता, आणि तोही फुकटात.

यावर १००/९० वॅटचा बल्ब टाकणं हा उपाय तर मला अजिबात पटत नाही. अरुंद वाटेवर जास्त गर्दी सोडायची आणि होल्डर वितळला की कंपनीला शिव्या द्यायच्या. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबणारेही त्याच माळेतले, फक्त त्यांचा त्रास समोरच्याला.

खरा उपाय दहा नंबरच्या पान्याचा आणि पॉलिश पेपरचा आहे. काही गाड्यांत बोल्ट बारा नंबरचा निघेल. बोल्ट सोडा, पत्रा आणि वायरीचं टोक चकचकीत होईपर्यंत घासा, दात्यांचा वॉशर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडा. आंबट वास येणारा सिलिकॉन लावू नका, तो तांब्यालाच खातो. वायर सोलल्यावर आत तांबं काळं दिसलं तर लाल तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. खारं पाणी आवरणाखालून वर चढलेलं असतं, आणि काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. काकांच्या गाडीत हातभर कापावी लागली. नवा तुकडा आम्ही होडीच्या वायरिंगचा टाकला. त्यातली तांब्याची प्रत्येक तार कथिलाची कल्हई केलेली असते.