सही केली म्हणजे सगळंच बांधील? नाही भावा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं, की अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटच्या पानावर सही केली की संपलं, तिथं लिहिलंय ते सगळं पाळायलाच लागतं. अर्धंच खरं हाय हे.

समजा शिरोलीच्या फाउंड्रीनं पुण्याच्या कंपनीला कास्टिंग दिलं आणि करारात बारीक अक्षरात लिहिलंय "तीन महिन्यांत दावा केला नाही तर हक्क संपला". भारतीय करार कायदा 1872, कलम 28 बघा, 1997 च्या दुरुस्तीनंतर असली अट रद्दबातल आहे, बिलाच्या वसुलीला साधारण 3 वर्षांची कायद्याची मुदत मिळतेच.

न्यायक्षेत्राचं मात्र जरा नाजूक आहे. "वाद फक्त पुण्याच्या कोर्टात" लिहिलं असेल, आणि कंपनीचं मुख्य ऑफिस तिथंच असेल, तर मुकाट पुण्याला जावं लागतं, लगा. पण ज्या गावाचा व्यवहाराशी काडीचा संबंध नाही, पार्टीचं तिथं ऑफिसपण नाही, तिथल्या कोर्टाला दोघांनी सही करून अधिकार देता येत नाही. सुप्रीम कोर्टानं हे 1971 मध्येच हाकम सिंग विरुद्ध गॅमन प्रकरणात सांगितलंय. लवादाची अट, म्हणजे वाद कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचाकडं न्यायचा, ती मात्र चालते, कलम 28 मध्येच तिला सूट आहे, त्यामुळं ती सही करायच्या आधीच वाचा.