अर्ध्या पेनीच्या कार्डावरचं गाव

ब्रिटनमधल्या एखाद्या लहान गावाचा इतिहास शोधायला निघालं, की दोन गोष्टी बहुतेक वेळा हाती लागतात. एक म्हणजे चर्चचं दप्तर आणि दुसरी म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्याचा जुना फोटो, बहुधा टपालकार्डावर छापलेला. दप्तरात नावं असतात, पण चेहरे नसतात. फोटोत चेहरे असतात, पण नावं नसतात. या दोन्हींमधली जागा गेल्या साठ-सत्तर वर्षांत सामान्य माणसांच्या आठवणींनी भरत आणली. तिथे स्थानिक इतिहासाला एवढा जिव्हाळा का लाभला, हे या प्रवासावरून कळतं.

दप्तराची सुरुवात १५३८ची. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. त्यामुळे इंग्लंडमधल्या शेतमजुराचंसुद्धा नाव कागदावर येऊ लागलं, मात्र आयुष्यात दोन-तीनदाच. पुढच्या शतकात विद्वानांनी परगण्यांचे जाडजूड इतिहास लिहिले. विल्यम डगडेलचा वॉरिकशरचा ग्रंथ १६५६चा. पण या ग्रंथांत गाव म्हणजे जमीनदाराची हवेली, त्याची वंशावळ, घराण्याची मुद्रा आणि चर्चमधली थडगी. घोड्यांना नाल कोण ठोकायचं, दळण कुठे व्हायचं, ओढ्याला पूर आला की कोणाच्या घरात पाणी शिरायचं, हे लिहून ठेवावं असं त्यांना वाटलं नाही.

गावाचं रोजचं रूप पहिल्यांदा टिपलं ते इतिहासकारांनी नव्हे, तर व्यापाऱ्यांनी. त्यांतला सर्वांत चिवट माणूस फ्रान्सिस फ्रिथ. १८२२मध्ये डर्बीशरमधल्या चेस्टरफील्डला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. लिव्हरपूलमध्ये घाऊक किराण्याच्या व्यापारात त्याने पैसा कमावला, तो धंदा विकला आणि १८५६ ते १८६० या काळात कॅमेरा घेऊन इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या तीन सफरी केल्या. तेव्हा ओल्या कलोडियनची पद्धत होती. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत काच धुवायची. वाळवंटातल्या उन्हात हे सगळं करून तो परतला, तेव्हा त्याचं नाव झालं होतं. १८६०मध्ये सरे परगण्यातल्या रायगेटला बिऱ्हाड थाटून त्याने कंपनी काढली आणि ब्रिटनमधल्या प्रत्येक शहराचा, प्रत्येक गावाचा फोटो घ्यायचा संकल्प सोडला.

तो संकल्प शक्य झाला रेल्वेमुळे. आगगाडी गावोगाव पोहोचली, १८७१च्या कायद्याने बँक हॉलिडेच्या सुट्ट्या मिळाल्या आणि कारखान्यातली माणसंही दिवसभराच्या सहलीला बाहेर पडू लागली. जिथे जाऊन आलो तिथली काहीतरी खूण घरी न्यावी, ही हौस आपल्याकडच्या जत्रेइतकीच तिथेही जुनी. फ्रिथचे छायाचित्रकार देशभर फिरत आणि त्यांचे फोटो दोन हजारांहून अधिक दुकानांत विकले जात. परदेशांतली दृश्यंही कंपनीच्या यादीत असत. भारतातली दृश्यंही त्यांत होती, पण फ्रिथ स्वतः भारतात कधी आला नाही. स्कॉटलंडमध्ये डंडीचे व्हॅलेंटाइन आणि ॲबर्डीनचे जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन हाच धंदा करत होते. विल्सनच्या सदतीस हजारांहून अधिक काचपट्ट्या आज ॲबर्डीन विद्यापीठात आहेत.

मग आलं टपालकार्ड. १ ऑक्टोबर १८७० रोजी ब्रिटिश टपालखात्याने साधं कार्ड काढलं. त्याची टपालहशील होती अर्धी पेनी. १८९४मध्ये खासगी छापखान्यांना चित्राची कार्डं काढायची परवानगी मिळाली, पण मजकुराला जागाच नसे, कारण एक बाजू पूर्ण पत्त्यासाठी राखलेली. १९०२मध्ये टपालखात्याने ती बाजू दुभागून पत्त्याशेजारी मजकूर लिहू दिला, तेव्हा चित्राला दुसरी अख्खी बाजू मिळाली आणि कार्डांचा पूर लोटला. फ्रिथ १८९८मध्ये वारला होता. व्यवसाय त्याच्या मुलांनी पुढे नेला. ज्या गावात पाहण्यासारखं काहीच नाही, त्याचंही कार्ड निघू लागलं, कारण त्या गावातल्या पोस्टात आणि वाण्याच्या दुकानात ते खपत होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. सुंदर गावांचे फोटो कोणीही जपले असते. रस्ता, पाण्याचा पंप, चार दुकानं आणि कोपऱ्यावर उभी तीन पोरं, एवढंच असलेल्या गावाचं चित्र केवळ या धंद्यामुळे उरलं.

याच सुमारास काही लोक विकण्यासाठी नव्हे, तर नोंद राहावी म्हणून फोटो घेऊ लागले. बर्मिंगहॅमचे खासदार सर बेंजामिन स्टोन यांनी १८९७मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संस्था काढली आणि ॲबट्स ब्रॉमलीच्या शिंगांच्या नाचासारख्या गावच्या जुन्या रीती टिपून ठेवल्या.

फोटो आणि आठवण एकत्र आले की काय हाती लागतं, याचं ठळक उदाहरण म्हणजे दक्षिण डेव्हनच्या किनाऱ्यावरचं हॉलसँड्स. कड्याच्या पायथ्याशी, समुद्राला अगदी चिकटून वसलेली ही मासेमाऱ्यांची वस्ती. १८९१मध्ये सदतीस घरं, १५९ माणसं आणि ‘लंडन इन’ नावाची खानावळ. घरांपुढे गोट्यांचा रुंद किनारा होता. जुन्या फोटोंत त्यावर होड्या ओढून ठेवलेल्या आणि जाळी पसरलेली दिसतात. १८९०च्या दशकात प्लिमथजवळची नौदलाची गोदी वाढवायचं ठरलं. काँक्रीटसाठी खडी हवी होती, म्हणून १८९७मध्ये सरकारच्या परवानगीने कंत्राटदाराने या किनाऱ्यासमोरचे गोटे उपसायला सुरुवात केली. समुद्र नवे गोटे आणून टाकील, असं गृहीत धरलं होतं. पण ते गोटे फार प्राचीन काळी साचलेले होते आणि त्यांची भरपाई होणार नव्हती. सुमारे साडेसहा लाख टन माल निघाला आणि किनारा कित्येक फुटांनी खाली गेला. मासेमाऱ्यांनी आरडाओरडा केला, भिंतींना तडे गेलेले दाखवले, तेव्हा कुठे १९०२मध्ये परवाना रद्द झाला. तोवर गावाची ढाल गेली होती. २६ जानेवारी १९१७च्या वादळात, ऐन भरतीत, लाटांनी वस्ती फोडली. माणूस एकही दगावला नाही, पण राहण्याजोगं घर एकच उरलं. त्या घरात एक बाई १९६४पर्यंत राहत होती.

उपशाआधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले, की मासेमाऱ्यांची तक्रार किती खरी होती हे चौकशी अहवालाविनाही कळतं. पण त्या किनाऱ्यावरचं जगणं फोटोत पुरतं येत नाही. होड्या लाटांबाहेर थांबल्या, की न्यूफाउंडलंड जातीचे कुत्रे पोहत जाऊन दोर घेऊन येत आणि मग बायकापुरुष मिळून तो दोर ओढत. हे माहीत झालं ते तिथल्या माणसांनी सांगितलं म्हणून.

अशा सांगण्याला इतिहासात जागा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४८मध्ये लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या पुढाकाराने इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. कागदपत्रं वाचा, पण बूट घालून शेताच्या बांधावरूनही चाला, ही त्यांची शिकवण. त्याच वर्षी जॉर्ज ईवर्ट एव्हान्स हा वेल्समधला लेखक सफोकमधल्या ब्लॅक्सहॉल या खेड्यात राहायला आला. त्याची बायको गावच्या शाळेत शिक्षिका होती. शेजारचे म्हातारे मेंढपाळ आणि नांगरे यांच्याशी गप्पा मारताना त्याच्या ध्यानात आलं, की घोड्यांच्या नांगरटीचं, हाताने गवत कापण्याचं आणि घरी भाकरी भाजण्याचं जग याच पिढीबरोबर संपणार आहे. ट्रॅक्टर आलेला होता. त्या गप्पांचं त्याने केलेलं पुस्तक १९५६मध्ये छापलं गेलं आणि गावच्या म्हाताऱ्याचं बोलणं हाही पुरावा आहे, हे मान्य होऊ लागलं. पुढे १९७३मध्ये मौखिक इतिहासाची संस्थाच स्थापन झाली.

नेमक्या याच काळात फ्रिथच्या काचा नष्ट व्हायच्या बेतात होत्या. घरोघरी कॅमेरे आले, कार्डांचा धंदा बसला आणि १९७१मध्ये कंपनी बंद पडली. छायाचित्रांचे अभ्यासक बिल जे यांनी धावपळ केली, रॉथमन्स या सिगारेट कंपनीने तो ठेवा विकत घेतला आणि सुमारे सात हजार गावाशहरांची तीन लाखांहून अधिक चित्रं वाचली.

ही चित्रं आता संकेतस्थळावर पाहता येतात आणि त्यांच्याखाली लोक आपल्या आठवणी लिहितात. लिहिणारे बहुतेक जण गाव सोडून गेलेले असतात. जो राहिला त्याला रस्ता रोज दिसतो. जो गेला, त्याच्या डोळ्यांपुढे रस्ता तो निघाला त्या दिवशीचाच राहतो. सप्टेंबर १९३९मध्ये बाँबहल्ल्यांच्या धास्तीने सुमारे पंधरा लाख लोक, त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं, शहरांतून खेड्यांत हलवले गेले. अनोळखी घरातला पहिला हिवाळा ती मुलं विसरली नाहीत. युद्धानंतर दहा पौंडांच्या तिकिटावर दहा लाखांहून अधिक ब्रिटिश ऑस्ट्रेलियाला गेले. १९६३च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक रेल्वे स्थानकं आणि थांबे बंद करायला सुचवलं. ज्या गाडीने गावाचं कार्ड जन्माला घातलं होतं, तिलाच अनेक गावं मुकली.

आठवण चुकते, वर्षं एकमेकांत मिसळते, हे मान्य. केलीच्या व्यापारी डिरेक्टरीवरून दुकानांची नावं ताडून पाहता येतात. पण त्या डिरेक्टरीत दुकानदार आणि प्रतिष्ठित रहिवासी असत, रोजंदारीवरचे मजूर नसत. बाहेरून आलेल्यांच्या आठवणीही याच इतिहासाचा भाग आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. पुढे राष्ट्रीय आरोग्यसेवेत भारतातून हजारो डॉक्टर गेले, त्यांत मराठी डॉक्टरही होते. वेल्सच्या खाणगावांत आणि लँकेशरच्या गिरणीगावांत ज्यांनी दवाखाने चालवले, त्यांनी त्या गावांतली घरं आतून पाहिलेली. त्यांचं सांगणं त्या त्या गावाच्या दप्तरात फारच थोडं जमा झालं आहे, याची मला खंत वाटते.

आणि या सांगण्याची गरज एका कारणाने आणखी वाढली आहे. ब्रिटनमध्ये खानेसुमारीचे घरनिहाय कागद शंभर वर्षं गुप्त राहतात. इंग्लंड आणि वेल्सचे १९२१चे कागद जानेवारी २०२२मध्ये खुले झाले. तिथलेच १९३१चे कागद डिसेंबर १९४२मध्ये हेझ इथल्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाले. १९४१मध्ये युद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही. १९५१चे कागद २०५२मध्ये उघडतील. मधल्या तीस वर्षांसाठी देशभरची नोंद उरते ती ओळखपत्रं आणि रेशनसाठी २९ सप्टेंबर १९३९ रोजी केलेली. तीत घरोघरच्या बायकांच्या नावापुढे पुन्हा पुन्हा एकच कामधंदा लिहिला आहे: बिनपगारी घरकाम. गल्ला सांभाळणाऱ्या, जाळी विणणाऱ्या, धुणी धुऊन घर चालवणाऱ्या कितीतरी बायका त्या एका नोंदीत दडल्या आहेत. त्यांना कामावर पाहिलेली मुलं आज नव्वदीच्या आसपास आहेत.